प्रतिसाद: पाचही जण होते ना, भाऊ!

भाऊ, बॅकस्ट्रीट बॉईज या पाच गायकांच्या अमेरिकी गटाबद्दल तुम्ही लिहिलं, 'ते आता नुसत्या आठवणी विकतात'. तुमचं म्हणणं अर्धं कबूल. पण आम्ही त्या विकत घ्यायलाच गेलो होतो!

४ मे २०२३, मुंबईत त्यांचा कार्यक्रम. मी आन् ताई दारव्ह्याजवळच्या गावाहून एसटीनं बडनेरा, तिथून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई. बाबा म्हणे, "काऊन रे, मशागतीच्या दिवसात गाणे ऐकाले चालले?"

१९९९ मध्ये आलेल्या त्यांच्या 'मिलेनियम' अल्बमची कॅसेट आम्ही यवतमाळहून आणली होती. लोडशेडिंगमध्ये टेप सेलवर चाले. सेल उतरले की पाचही जण म्हशीसारखे रेकत, मग सेल उन्हात ठेवायचे. ताईनं गाण्यांचे बोल ऐकू येतील तसे देवनागरीत वहीत उतरवले होते, निम्मे चुकीचे. कार्यक्रमाला बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) त्या गर्दीत ती तेच चुकीचे बोल बेंबीच्या देठापासून म्हणत होती. शेजारची बाई वळून वळून पाहे. ताईला काही सोयरसुतक नाही.

वरचे सूर आता जपून लावतात, हे मलाही जाणवलं. पण त्यांची खरी मजा पाच आवाज एकत्र येतात त्यात आहे. खालचा जाड आवाज केविनचा. तो २००६ मध्ये सोडून गेला, २०१२ मध्ये परतला. चौघंच असते तर मी तरी एवढ्या उन्हात निघालो नसतो.

परतीला ताईचा घसा पार बसला. बडनेऱ्याला चहावाल्याला तिनं नुसती दोन बोटं दाखवली.