माहिती अधिकाराची चळवळ: जुने आणि नवे कार्यकर्ते एका टेबलाशी बसतील का?

चर्चेचा प्रस्ताव

माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला, तेव्हा चाळिशीत असलेले कार्यकर्ते आज साठीच्या पुढे गेले आहेत. माझे म्हणणे असे की त्यांना आणि तरुणांना व्यासपीठावर नव्हे, तर कामाच्या टेबलाशी एकत्र बसवले पाहिजे. गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या एका मुलीने रेशनच्या धान्याबद्दल अर्ज दिला आणि मोबाइलमध्ये त्याचा स्वच्छ फोटो ठेवला. उत्तरासाठीची तीस दिवसांची मुदत उलटल्यावर ती प्रथम अपील करायला, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद मागायला गेली, तेव्हा असा अर्ज आलाच नाही, असे तिला कार्यालयातून सांगण्यात आले. आमच्या संघटनेतल्या सत्तरीच्या काकांनी तिला एवढेच विचारले, "पोच घेतली होतीस का, बाळ?" काकांच्या कापडी पिशवीत जुन्या अर्जांच्या स्थळप्रती असतात आणि प्रत्येक प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असतो. काका थकले की ही पिशवी कोण सांभाळणार, याची मला खरोखर काळजी वाटते.

प्रतिसाद १ (असहमत)

काकांविषयी पूर्ण आदर राखून सांगते, पोच घ्यायला शिकवणे म्हणजे पिढ्या एकत्र येणे नव्हे. निर्णय कोण घेतो, हा खरा प्रश्न आहे. मी पाच वर्षे एका संघटनेत काम केले. सतरंज्या घालणे, पत्रके वाटणे आणि मोबाइलवर प्रचार करणे आम्हा तरुणांकडे होते, ठराव मात्र बैठकीआधीच लिहिलेला असे. जयप्रकाश नारायण यांनी १९७५ मध्ये छात्र युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली, तेव्हा सदस्यत्वाला तीस वर्षांची वयोमर्यादा होती, आणि ती मला आजही शहाणपणाची वाटते. याच वाहिनीने बोधगयेच्या मठाच्या जमिनीसाठी लढताना, जमीन स्त्रियांच्याही नावे व्हावी ही तिथल्या मजूर स्त्रियांची मागणी उचलून धरली. मुरलेल्या नेत्यांच्या बैठकीत "आधी जमीन तर मिळू द्या" असे म्हणून ती बाजूला पडली असती, असे मला वाटते.

प्रतिसाद २ (प्रस्तावकाचे उत्तर)

ठराव आधीच लिहिलेला असतो, हा आरोप मला मान्य आहे. आमच्याकडेही तसे घडले आहे. पण वयोमर्यादेने अनुभवही दाराबाहेर जातो, आणि आज ते परवडणारे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल करण्याची तरतूद आली, आणि वैयक्तिक माहिती नाकारताना त्या पोटकलमातच असलेली व्यापक सार्वजनिक हिताची कसोटी, म्हणजे माहिती उघड करण्यात लोकांचे मोठे हित आहे का हे पाहण्याची अट, तिथून वगळली गेली. ती कसोटी कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण तिचा आधार घेऊन अपिलात भांडावे लागेल. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्यांत सरकारी कामांवरच्या मजुरांच्या हजेरीपटावरची नावे गावासमोर वाचून दाखवली, म्हणून खोटी मजुरी उघडी पडली. नावेच झाकली गेली तर वाचायचे काय? त्या सुनावण्या पाहिलेले लोक आज आपल्यात आहेत. डेटा कायद्याची भाषा मात्र तरुणांना आमच्यापेक्षा लवकर उमगते.

प्रतिसाद ३ (असहमतीची बाजू, पुन्हा)

कलम ८(२) चा मुद्दा पटला, त्यामुळे वयोमर्यादेचा आग्रह मी सोडते, पण अट कायम ठेवते. अर्जावर सही तरुण कार्यकर्त्याची असावी आणि अपिलाच्या सुनावणीत त्यानेच बोलावे. ज्येष्ठांनी शेजारी बसावे आणि विचारल्यावर सांगावे. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्याची सोय करून दिली होती. काकांनी पिशवी घेऊन त्या मुलीबरोबर एका सोमवारी जावे, मात्र रजिस्टर तिला उघडू द्यावे. तेवढे झाले तर पुढच्या बैठकीला मी येईन, आणि ठराव तिथेच, सगळ्यांसमोर लिहू.