रिपोर्ट 'सेन्सिटिव्ह', तरी ताप परत का?
कल्चरमध्ये (लॅबमध्ये जिवाणू वाढवून करायच्या चाचणीत) औषध 'सेन्सिटिव्ह', म्हणजे जिवाणूंवर चालणारं, येऊनही कॅथेटरवाल्या (शरीरात नळी घातलेल्या) पेशंटचा ताप कोर्स संपल्यावर उलटतो, तो का, असा प्रश्न पडतो. लॅबमधली चाचणी सुट्या, झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंवर होते. कॅथेटरच्या आत मात्र ते बुळबुळीत थरात चिकटून असतात. तळाच्या पेशींना ऑक्सिजन, अन्न जेमतेम मिळतं, त्यामुळे वाढ थंडावते. आता पेनिसिलिनसारखं औषध घ्या: ते जिवाणूच्या पेशीभित्तिका (पेशीभोवतीचं कवच) बांधण्यात खोडा घालतं. बांधकामच बंद असेल तर ते काय करणार? १९४४ मध्ये जिवाणूतज्ज्ञ जोसेफ बिगर यांनी पेनिसिलिनमधून वाचलेले स्टॅफिलोकॉकस जिवाणू पुन्हा वाढवले, तर त्यांची पिलावळ पेनिसिलिनने पूर्वीसारखीच मेली. म्हणजे हा रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) नव्हे, आणि रिपोर्टही खोटा नाही; थरात थंडावून वाचलेले जिवाणू कोर्स संपल्यावर पुन्हा वाढतात. डॉक्टर कॅथेटर काढू म्हणाले, तर कृपया 'आणखी एक कोर्स देऊन बघा' असा आग्रह धरू नका.