जुनी दारू: सादळलेली की नासलेली?

पंचवटीकर: बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या (कवचं) पुन्हा भरण्यावरच्या एका अमेरिकी माहितीपत्रकाचा अनुवाद तपासतोय. जुन्या दारूला सगळीकडे ‘सादळलेली दारू’ केलंय. चालेल? शिवाय नाशकात नुसतं ‘दारू’ म्हटलं की लोकांना द्राक्षं आठवतात.

देवळालीकर: दारूगोळा, शोभेची दारू म्हणताना कोणी अडखळत नाही, तेव्हा ‘दारू’ ठेवा. ‘सादळलेली’ मात्र खोडाच. सादळतात ते पापड, फटाके आणि फार तर काळी दारू. पुंगळीत हल्ली असते बिनधुराची दारू, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. डबल बेस असेल तर नायट्रोग्लिसरीनही. तिचं आतूनच विघटन होतं. त्यातून सुटणारी आम्लं शोषायला डायफेनिलअमाइनसारखं रसायन घातलेलं असतं. ते संपलं की नासणं झपाट्यानं वाढतं. ‘सादळली’ वाचून कोणी ती उन्हात ठेवली तर उष्णतेनं उलट लवकर नासेल, ढीग मोठा असेल तर आपोआप पेटेलही. फ्रान्सच्या ‘इएना’ (१९०७) आणि ‘लिबर्ते’ (१९११) या युद्धनौका तुलोंच्या बंदरात अशाच दारूनं गेल्या. ‘नासलेली’ लिहा.

इगतपुरीकर: काळी दारूसुद्धा वाळवून पूर्ववत होत नाही. तिच्यात ७५ टक्के सोरा, १५ कोळसा, १० गंधक. पाणी शिरलं की सोरा विरघळतो आणि वाळताना त्याचे वेगळे खडे धरतात. दाणा एकजीव राहत नाही, बार कमीजास्त होतो. ‘वाळवून वापरा’ असं कुठे आलं असेल तर आधी मूळ वाक्य तपासा.

पंचवटीकर: ओळखायच्या खुणांमध्ये ‘तांबडा गंज’ आलाय.

देवळालीकर: दारूला गंज कसा चढेल? डबा ओतताना उडते ती ‘तांबूस भुकटी’. डब्याचं पत्र्याचं झाकण आतून गंजतं, तिथे गंज बरोबर. पितळी पुंगळीवर चढतो तो हिरवा ‘कळंक’; बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, त्यातलाच. वासाचंही नीट लिहा: चांगल्या दारूला ईथर-स्पिरिटसारखा वास, नासलेलीला आंबट आणि नाकाला झोंबणारा. पण वास नाही म्हणजे दारू चांगली, असं वाक्य होऊ देऊ नका. डब्यावरची चिठ्ठी गेली असेल तर दारू बादच धरायची. नुसत्या रंगा-दाण्यावरून जात ओळखता येत नाही, आणि नव्या दारूत मिसळून ती ‘संपवणं’ तर मुळीच नाही.

इगतपुरीकर: ‘कमी दाबाची गोळी’ असंही कुठे केलं असेल. त्याला आपला ‘फुसका बार’ आहे की! इथे तो शब्दशः लागू पडतो. आवाज दबका, धक्का कमी, आणि गोळी नळीतच अडकलेली. वरून दुसरा बार काढला की नळी फाटते. तेव्हा थांबायचं, बंदूक रिकामी करायची, नळी आरपार दिसते का ते बघायचं. घोडा पडूनही बार झालाच नाही तर गोष्ट वेगळी, त्याला ‘फुसका’ म्हणू नका. तिथे नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबायचं, कारण बार उशिरानं उडू शकतो.

पंचवटीकर: आणि ‘रीलोडिंग’? ‘बंदूक पुन्हा भरणे’ असं आलंय.

देवळालीकर: चूक. बंदूक भरणं वेगळं, काडतूस भरणं वेगळं. ‘काडतुसांचं पुनर्भरण’ करा. खाली तळटीप द्या, की आपल्याकडे शस्त्रं आणि दारूगोळा शस्त्र अधिनियम १९५९ खाली येतो, अमेरिकेतली घरगुती मुभा इथे धरू नये.