मदत हवी आहे : हरिभाऊंची कादंबरी सहा इंची रीडरवर

सध्या ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' वाचायला घेतली आहे. मूळ 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आलेली, त्यामुळे रोज एक-दोन प्रकरणं हाच वेग तिला मानवतो. कथा सांगणाऱ्या यमूचं बोलणं घाईत वाचण्यासारखं नाहीच.

अडचण फाइलची आहे. जुन्या आवृत्तीच्या स्कॅनची पीडीएफ सहा इंची ई-रीडरवर वाचायची आहे. समास कापून आणि रीडर आडवा धरून अक्षर वाचण्याजोगं होतं, पण अर्ध्या पानावर थांबून खाली सरकावं लागतं. के-टू-पीडीएफ-ऑप्ट या पीडीएफ छोट्या पडद्याला जुळवणाऱ्या प्रोग्रामने ओळी नव्याने जुळवल्या, तर जिथे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो तिथे दोन्ही ओळी एकच धरल्या जातात. खिळ्यांच्या जुन्या छपाईत हे पानोपानी आहे.

चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणाऱ्या टेसरॅक्टची मराठी ओळखही ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) स्कॅनवर करून झाली. साधा मजकूर बरा येतो. रफार हटकून गळतो, आणि 'तें', 'केलें', 'त्यांनीं' यांवरचे अनुस्वार कधी राहतात, कधी जातात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार ते सरसकट काढून टाकायचे नाहीत, भाषेची निम्मी चव तिथेच आहे.

तर विचारायचं असं :

ओळी चिकटू नयेत म्हणून अक्षरओळखीआधी पानावर नेमकी काय प्रक्रिया करता? जुनं लेखन जसंच्या तसं ठेवलेली छापील आवृत्ती कुठे मिळेल? संक्षिप्त नको. आणि यानंतर हरिभाऊंचीच 'उषःकाल' घ्यावी की आधी 'मी'?