नाकाच्या कडेला खपल्या, कपाळ मात्र तेलकट: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ३६, मुक्काम पुणे. दोन हिवाळे झाले, नाकपुड्यांच्या कडेला, भुवयांत आणि दाढीखाली पिवळसर खपल्या धरतायत. खपली काढली की खालची कातडी लाल. आणि दुपारी चारला कपाळ असं चकाकतं की ऑफिसातली पोरं विचारतात, "सर, मोहरी टाकू का?"

मला वाटलं कातडी कोरडी पडलीय, म्हणून रात्री खोबरेल चोळू लागलो. सकाळी मऊ, दोन दिवसांनी दुप्पट. मग दिवसातून पाचदा साबणाने तोंड धुतलं, नुसती आग आग. शेवटी एका मेडिकलवाल्याने ट्यूब दिली. तीन दिवसांत चेहरा लख्ख! बंद केली की आठवड्यात जैसे थे. हे चार वेळा झालंय.

त्यात भर म्हणजे आमच्या दोन महिन्यांच्या लेकीच्या डोक्यावरही तशाच पिवळ्या खपल्या आल्यात. आई रोज तिची टाळू भरते. बायको म्हणते, तुझंच लागलंय तिला, मुके घेऊ नकोस. ते जास्त लागलंय मला. माझी कातडी कोरडी आहे की तेलकट? आणि हे खरंच लेकीला लागतं का?

– गुळपोळी

चिंचगूळ: मुलतानी माती गुलाबपाण्यात. माझ्या भावाला फरक पडला होता.

कडूलिंब: ती माती लावून माझी कातडी तडकली होती. जपून.

गोळीवाला: मी स्वतः औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून सांगतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. त्याने लाली झटकन उतरते, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्यांच्या लाल रेघा दिसू लागतात, आणि थांबवलं की आधीपेक्षा जोरात उसळतं. चिठ्ठीशिवाय देणंच चूक. आमच्याच धंद्यातले लोक देतात, काय बोलणार.

त्वचावैद्य_निवृत्त: गुळपोळी, वर्णनावरून हा सेबोऱ्हिक डर्माटायटिस, म्हणजे तेलकट भागांत लाली आणि खपल्या आणणारा त्वचारोग वाटतो. न बघता छातीठोक सांगणार नाही, सोरायसिसही कधी असाच दिसतो. पण तुमच्या कोड्याचं उत्तर देता येईल. कातडी कोरडी नाही, खपली तेलामुळेच आहे.

केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. तळहात-तळपाय सोडले तर जवळपास सगळीकडे असतात, पण सर्वांत दाट डोक्यावर आणि चेहऱ्यावर. तिथली पेशी तेलाने भरत जाते आणि शेवटी स्वतःच फुटून तेल होते. हे तेल वाईट नव्हे. ते कातडीला वंगण देतं, ई जीवनसत्त्वही वर आणून पोचवतं. पण त्यावर जगणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्याच अंगावर असते. तिला स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ती आपलं तेल फोडून खाते आणि ओलेइक आम्लासारखं उष्टं मागे ठेवते. काहींच्या कातडीला ते सोसत नाही. मग लाली येते, पेशी घाईघाईने सुटतात आणि त्याच्या खपल्या होतात. खोबरेल चोळणं म्हणजे त्या बुरशीला आणखी एक ताट वाढणं. आणि पाचदा धुण्याने ग्रंथी थांबत नाही. तिचा नळ हार्मोन्सच्या हातात आहे, साबणाच्या नाही. उलट साबणाने कातडीचा वरचा थरच दुखावतो.

उपाय साधा आहे. २ टक्के कीटोकोनाझोल, म्हणजे बुरशीवरचं औषध, असलेला शाम्पू डोक्याला आणि दाढीला आठवड्यातून दोनदा लावायचा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा, असं चार आठवडे. मग एक-दोन आठवड्यांतून एकदा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. चेहऱ्यासाठी त्याच औषधाचं मलम मिळतं, पण आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, कारण स्टिरॉइड कसं सोडायचं हेही ठरवावं लागेल. हे मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतं. थंडी, जागरण आणि ताण यांत उसळतं. दोन महिन्यांचं बाळ घरात म्हणजे जागरण आलंच!

लेकीचं: तिला तुमचं काहीही लागलेलं नाही. हे संसर्गाने पसरत नाही. पोटात असताना आईच्या हार्मोन्समुळे बाळाच्या तैलग्रंथी जाग्या असतात. जन्मताना अंगावर जो पांढरा लेप असतो, त्यातही या ग्रंथींचं तेल असतंच. काही महिन्यांत त्या झोपी जातात, थेट वयात येईपर्यंत. तोवर खपल्याही बहुधा आपोआप जातात. नखाने काढू नका. अंघोळीआधी थोडं तेल लावून खपली मऊ करा, बाळाच्या शाम्पूने धुवा, मऊ ब्रश फिरवा. तेल रात्रभर मुरवायचं नाही. ओल येऊ लागली, वास आला किंवा अंगभर पसरलं तर बालरोगतज्ज्ञ गाठा.

कडूलिंब: म्हणजे टाळू भरणं बंद?

त्वचावैद्य_निवृत्त: आजीशी कोण भांडणार. तेल लावा, पण अंघोळीत धुऊन टाका.

गुळपोळी: ट्यूब पाहिली. क्लोबेटासॉलच निघालं. शनिवारची वेळ घेतलीय. आईला "धुऊन टाकायचं" हे सांगितलं, ती म्हणाली तुझी टाळू मी वर्षभर भरली, काय वाईट झालं. मी भुवईकडे बोट दाखवलं. बायकोला मात्र हा धागा वाचून दाखवला, मुक्यांवरची बंदी उठलीय. ट्यूब शनिवारपर्यंत लावत राहू की आजच थांबू?

त्वचावैद्य_निवृत्त: किती महिने लावताय, रोज की मधूनमधून? ते लिहा आधी.

गुळपोळी: वर्षभर, मधूनमधून. एका खेपेला आठ-दहा दिवस. शेवटची परवा.

त्वचावैद्य_निवृत्त: मग नव्याने लावू नका. थोडी लाली उसळेल, घाबरू नका. फारच भडकली तर शनिवारची वाट न पाहता आधीच जा. ट्यूब सोबत न्या.