“वर्जन वाढवा, विषय संपला” हे मला मान्य नाही

राजवाड्याजवळचा:
काल इथे एकानं लिहिलं होतं, “नव्या सर्व्हरवर साइट चालत नाही म्हणून रडणारे सगळे आळशी. सर्व्हरवर सगळ्यात नवं वर्जन टाका, कोड सुधारा, विषय संपला.” रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

बारा वर्षं इंदूरमध्ये छोट्या दुकानदारांच्या आणि मंडळांच्या साइट सांभाळतोय. एका रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यावर पोचायची होती, तेवढ्यात नमकीनवाल्याचा फोन. ऑर्डरची साइट पांढरी फटक. होस्टिंगवाल्यानं, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली त्यानं, न सांगता पीएचपी (साइटचा कोड ज्या भाषेत आहे ती) ७.४ वरून ८.० वर नेलेलं. मी टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, वर्जन विचारलं तर ७.४ च सांगतंय! तासभर भलतीकडेच शोधत राहिलो. कमांड लाइनचं पीएचपी वेगळं, वेब सर्व्हरमागे साइट चालवणारं पीएचपी, म्हणजे एफपीएम, वेगळं. पीएचपीची माहिती दाखवणारं पीएचपीइन्फोचं पान ब्राउझरात उघडलं तेव्हा ८.० दिसलं. जुन्या कोडात ‘ईच’ आणि ‘क्रिएट फंक्शन’ ही पीएचपीची जुनी फंक्शनं होती, ८.० नं दोन्ही काढून टाकलीत. ते लॉगमध्ये (सर्व्हरच्या चुकांच्या नोंदवहीत) ओळीच्या नंबरासकट सापडलं. खरा घोळ पुढे. सवलतीच्या हिशेबात शून्याची तुलना एका शब्दाशी होती. ७.४ पर्यंत दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली की पीएचपी शून्य आणि शब्द सारखेच धरायचं, ८.० धरत नाही. एरर नाही, लॉग नाही. संध्याकाळपर्यंत चुकीची बिलं जात राहिली.

आता सांगा, यात आळस कोणाचा?

मांडवीकर:
तुमचाच. राग मानू नका. ८.० नोव्हेंबर २०२० मध्ये आलं, ७.४ चा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं, २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला. दोन वर्षं हातात होती. आमच्याकडे वडोदऱ्यात एका क्लायंटचं सर्व्हर “चालतंय ना, मग हात लावू नका” म्हणून तसंच ठेवलं. उत्तरायणच्या आदल्या दिवशी साइटवर भलत्याच जाहिराती झळकायला लागल्या. पतंग राहिले बाजूला, दोन दिवस मी फायली पुसत होतो. दुकानदाराकडे गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात. ते उघड्यावर ठेवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

राजवाड्याजवळचा:
जुन्यावरच बसून राहा असं मी कुठे म्हटलं? न सांगता बदलू नका म्हणतोय. आणि ती “दोन वर्षं” फुकट येत नाहीत. साइट बांधताना गिऱ्हाईक एकदाच पैसे देतं. पुढच्या वर्षी ‘कोड नव्या वर्जनवर न्यायचा आहे’ म्हटलं की विचारतं, “दिसायला काय बदलणार?” काहीच नाही. मग पैसे कसले? यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर द्या.

वॉर फाइल:
पीएचपीलाच काय धरून बसलात? माझं जावा भाषेतलं ॲप टॉमकॅट (जावा ॲप चालवणारा सर्व्हर) ९ वर नीट चाललेलं. नव्या सर्व्हरवर टॉमकॅट १० होता. सर्व्हर सुरू झाला, लॉग स्वच्छ, पान मात्र ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. १० पासून ‘जावाएक्स’ची सगळी सर्व्हलेट पॅकेजं (वेबच्या विनंत्या हाताळणाऱ्या कोडाचे गठ्ठे) ‘जकार्ता’ नावाखाली गेलीत, जुनी नावं तो ओळखतच नाही. वॉर फाइल, म्हणजे ॲपचं गाठोडं, ‘वेबॲप्स-जावाईई’ फोल्डरात ठेवली तर टॉमकॅट स्वतः बदलून घेतो, हे मला तीन दिवसांनी कळलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या मशीनवर ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन, ६१’. म्हणजे ॲपचं बिल्ड जावा १७ वर केलेलं, सर्व्हरवर जावा ११. ती एरर निदान स्पष्ट बोलते तरी.

डब्यातला:
या सगळ्याला डॉकर, म्हणजे ॲप लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका डब्यात बंद करणं, हेच उत्तर आहे. इमेजमध्ये, म्हणजे त्या डब्याच्या साच्यात, वर्जन पक्कं करा आणि कुठेही न्या.

मांडवीकर:
७.४ ची इमेज केली म्हणजे ७.४ च्या सुरक्षेतल्या भोकांची इमेज केली. आणि शेअर्ड होस्टिंगवर, जिथे अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर असतात, डॉकर चालवून दाखवा.

डब्यातला:
भोकांचं मान्य. पण स्वस्तातलं व्हीपीएस (स्वतःपुरता आभासी सर्व्हर) घेता येतं, लोक घेत नाहीत.

वाचनालय:
मी प्रोग्रामर नाही. आमच्या मराठी ग्रंथालयाची यादी मी फावल्या वेळात सांभाळतो. नवं सर्व्हर घेतल्यापासून सगळ्या नावांच्या जागी डोक्यावर रेघ असलेले इंग्रजी ‘ए’ दिसतात. पीएचपीचं वर्जन तेच आहे. आठ हजार नोंदी आहेत हो, हातानं टाइप केलेल्या.

मांडवीकर:
डेटाबेसमधलं टेबल यूटीएफ८एमबी४ ला, म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या एन्कोडिंगला, कन्व्हर्ट करा. एका ओळीचं काम आहे.

राजवाड्याजवळचा:
थांबा! ती ओळ चालवू नका. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ मध्ये मुळात लॅटिन-१ (युरोपी अक्षरांचं एन्कोडिंग) असायचं, ८.० मध्ये यूटीएफ८एमबी४ झालं. जुना पीएचपी कोड कॅरेक्टर सेट सांगत नाही, सर्व्हर देईल तो घेतो. तुमचे मराठी बाइट लॅटिन-१ च्या रकान्यात पडलेत आणि अजून शाबूत आहेत. कन्व्हर्ट केलं तर तो कचराच यूटीएफ८एमबी४ म्हणून साठेल. आधी बॅकअप. मग रकाना ब्लॉब (नुसते बाइट ठेवणारा प्रकार) करा, आणि ब्लॉबचा यूटीएफ८एमबी४ टेक्स्ट करा.

डब्यातला:
एवढं कशाला? डंप (सगळ्या डेटाची फाइल) काढा, एडिटरात एन्कोडिंग बदला.

राजवाड्याजवळचा:
मी केलंय ते, म्हणून पोटतिडकीनं सांगतोय. हलंताचा (पाय मोडायच्या खुणेचा) शेवटचा बाइट विंडोज-१२५२ मध्ये, म्हणजे एडिटर लॅटिन-१ म्हणून वापरतो त्या एन्कोडिंगमध्ये, अस्तित्वातच नाही. मराठी ‘ए’चाही नाही. एडिटर ते गिळतो. एका मंडळाची वर्गणीदारांची यादी अशीच घालवली मी, सगळी जोडाक्षरं तुटली. जोश्यांचे जोशयांचे झाले. वयस्कर माणसं फोन करून विचारायची, “आमचं नाव असं का लिहिलंत?” आजही लाज वाटते. मराठी नीट राहिली की नाही हे तपासणं कोणाच्याच यादीत नसतं, वर्जनच्या गप्पा मात्र सगळे मारतात.

मांडवीकर:
आवाज खाली घ्या. माझं उत्तर चुकलं, मान्य. त्यावरून सगळ्यांना झोडपू नका.

वॉर फाइल:
ते चुकीचं उत्तर चालवलं असतं तर आठ हजार नोंदींचं काय झालं असतं? झोडपू द्या.

मांडवीकर:
ठीक. पण ७.४ बद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

राजवाड्याजवळचा:
घेऊ नका. नमकीनवाल्याला मी पुढच्या महिन्यात ८.३ वर नेतोय, आधी दुसऱ्या सबडोमेनवर (साइटच्या वेगळ्या पत्त्यावर) जुन्या ऑर्डरी चालवून, बिलं ताडून. पैसे अजून कबूल झालेले नाहीत.

वाचनालय:
बॅकअप घेतला. आधी एकाच रकान्यावर केलं. पहिली पन्नास नावं नीट आली, जोडाक्षरांसकट. ‘ळ’ही आला. उरलेले रकाने उद्या करतो.