आयफेल टॉवर लाल असतो का? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए २०३ आजी: [फोटो] शनिवारी क्लबहाउसमध्ये रंगवायला घेतलेलं स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचं चित्र. पुतळा झाला, मागचं पाणी राहिलंय.

डी ७०३: वा आजी! झग्याच्या चुण्या किती छान दिसतायत. गडद-फिकी शेड कशी दिली?

ए २०३ आजी: पेन्सिल दाबायची नाही गं. हलक्या हातानं एक थर, मग आडवा दुसरा, मग तिरका तिसरा. पहिल्यांदाच दाबून घासलं की कागद गुळगुळीत होतो, त्यावर पुढचा रंग धरत नाही. आणि टोक सारखं करत राहायचं. माझी अर्धी पेन्सिल शार्पनरमध्येच जाते.

बी ५०४ काका: काम सुबक आहे, वादच नाही. पण स्टॅच्यू ऑफ लिबर्टी हिरवी असते. ही तपकिरी झालीय. ग्रुपवर मुलंही आहेत म्हणून लिहितोय.

सी ३०२: काका, आम्ही डोकं शांत करायला रंगवतो, मार्क कुणी देणार नाहीये 😀

बी ५०४ काका: मार्कांचा विषय नाही. मनाला येईल तो रंग द्यायचा तर फुलं-पानं रंगवावीत. जगप्रसिद्ध वास्तू घेतली की तिचा खरा रंग द्यावा एवढंच म्हणणं. क्लबहाउसच्या बोर्डावर कुणीतरी लाल आयफेल टॉवर लावलाय, तोही बघितला मी.

ए २०३ आजी: तोही माझाच आहे.

सी ६०१ सेक्रेटरी: 🙏🙏

ए २०३ आजी: काका, पुतळा तांब्याचा आहे ना? मग नवा होता तेव्हा हिरवा कसा असेल? आमच्या वाड्यात पाणी तापवायचा बंब होता. चिंचेनं घासला की लखलखायचा. गॅस आल्यावर अंगणात पडून राहिला, तर काही पावसाळ्यांत हिरवागार झाला.

डी ७०३: माझा लेक विचारतोय, आजींचं बरोबर की काकांचं?

बी ५०४ काका: बघून सांगतो.

बी ५०४ काका: आजींचं बरोबर आहे. १८८६ मध्ये पुतळ्याचं लोकार्पण झालं तेव्हा तो तांब्याच्याच रंगाचा होता. पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाड. बंदरातल्या दमट खाऱ्या हवेत आधी काळपट झाला आणि १९२० च्या सुमारास पूर्ण हिरवा. हा हिरवा थर खालच्या तांब्याचं रक्षण करतो, म्हणून घासून काढत नाहीत. मशालीवरचा सोन्याचा वर्ख मात्र १९८६ मधला. तुम्ही मशाल सोनेरी केलीय. म्हणजे पुतळा १८८६ चा आणि मशाल १९८६ ची, असं झालंय.

ए २०३ आजी: शंभरच वर्षांचा फरक आहे. चालवून घ्या.

सी ३०२: 😂😂

डी ७०३: आणि काका, लाल आयफेल?

बी ५०४ काका: त्याचंही वाचलं. सुटे भाग कारखान्यातून आले तेच लाल रंग लावून. १८८९ मध्ये टॉवर खुला झाला तेव्हा लालसर तपकिरी होता. १८९९ मध्ये पिवळा केला, तोही पाच छटांत, खाली नारिंगीकडे झुकणारा आणि वर जाईल तसा फिका. १९०७ मध्ये पिवळसर तपकिरी, १९५४ मध्ये परत तांबूस तपकिरी. आज आपण फोटोत बघतो तो ब्राउन १९६८ पासूनचा, आणि आता पुन्हा १९०७ ची छटा आणायचं काम काढलंय. लोखंड आहे, गंजू नये म्हणून साधारण दर सात वर्षांनी रंगवावंच लागतं. दर वेळी ६० टन रंग, आणि सगळा ब्रशनं हातानं. कुणी रंगवणार असेल तर खाली गडद, वर फिका ठेवा. तिथेही तसंच करतात, म्हणजे खालून बघताना एकसारखा वाटतो.

सी ३०२: म्हणजे आयफेलचा "खरा रंग" कोणता ते ठरवायला आधी साल सांगावं लागणार.

बी ५०४ काका: तसं म्हणता येईल.

ए २०३ आजी: मग बोर्डावरचा माझा टॉवर १८८९ चा. आता काढू नका.

ए ४०१: *रोज २० मिनिटे रंगकाम करा, बीपी, शुगर, थायरॉइड मुळापासून घालवा! डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत. १० ग्रुपवर पाठवा.*

बी १०२ डॉक्टर: डॉक्टर सांगतोय. असलं काही होत नाही. गोळ्या बंद करू नका.

बी १०२ डॉक्टर: पण विषय अगदीच हवेतला नाही. २००५ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ८४ विद्यार्थ्यांना आधी भीती वाटलेला प्रसंग लिहायला लावला, मग २० मिनिटं रंगवायला बसवलं. काहींना मंडल म्हणजे गोलातली आखीव नक्षी, काहींना चौकड्यांची नक्षी, काहींना कोरा कागद. आखीव नक्षी मिळालेल्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. कोऱ्या कागदावर काय काढायचं हाच ताप असतो. तयार रेषा असल्या की हाताला काम मिळतं आणि डोकं मोकळं राहतं. इमारतीच्या चित्रातही कमानी, खिडक्या, विटा असं तेच ते आखीव काम असतं. माझा अंदाज, त्यामुळेच ती जमत असावीत. एका छोट्या प्रयोगावरून यापलीकडे बोलू नये.

ए ४०१: मी फक्त फॉरवर्ड केलं.

सी ३०२: मला तर पटलं. रात्री ऑफिसचा कॉल संपला की सिडनी ऑपेरा हाउसच्या फरशा भरत बसते. दहा लाखांच्या वर आहेत म्हणे त्यावर. चित्रात तेवढ्या नाहीत हे नशीब. आणि त्या नुसत्या पांढऱ्या नाहीत, चकचकीत पांढऱ्या आणि मॅट क्रीम अशा दोन जातीच्या आहेत. क्रीमच्या फरशा आधी भरून घेते, बाकी कागद तसाच सोडते.

डी ७०३: पांढऱ्या इमारतींचंच विचारायचं होतं. ताजमहाल घेतलाय. पांढरी पेन्सिल लावली तर काही दिसतच नाही.

ए २०३ आजी: ताजला पांढरं लावूच नकोस. आकाश रंगव, झाडं रंगव, आपोआप पांढरा उठून दिसतो. कमानीच्या आत आणि घुमटाच्या एका कडेला फिकट निळा न् किंचित जांभळा. काळ्यानं सावली दिलीस तर मळका दिसेल. पांढरी पेन्सिल शेवटी, दोन रंग एकमेकांत मिसळायला.

बी ७०१: मी पिसाचा मनोरा घेतला होता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं कागद तिरका लावला. मनोरा ताठ उभा आणि शेजारचं चर्च कललेलं.

बी ५०४ काका: मनोरा साधारण ४ अंश कलतो. १९९० पासून दहा-अकरा वर्षं काम करून त्याचा कल थोडा कमी केला, नाहीतर आणखी जास्त होता. तुमच्या झेरॉक्सवाल्यानं एका मिनिटात केला.

डी ७०३: कागद कुठला घ्यायचा पण? लेकानं बिग बेन स्केचपेननं रंगवला, तो मागच्या पानावर उतरला.

सी ३०२: झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७०-७५ जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये, आकडा मोठा तसा कागद जाड) असतो, पेन्सिलीला ठीक. स्केचपेनला १६० च्या पुढची कार्डशीट घे, खाली एक रद्दी कागद ठेव. वॉटरकलर करणार असशील तर घरच्या इंकजेटवर प्रिंट काढू नकोस, पाणी लागलं की रेषा फुटतात. लेझर किंवा झेरॉक्स. अप्पा बळवंत चौकात कार्डशीट सुटी मिळते, पेन्सिलीही एकेक रंगाच्या मिळतात. अख्खी पेटी घ्यायला लागत नाही.

डी ७०३: थँक्यू गं. आणि त्यानं घड्याळाचे काटे निळे केलेत. मी काळे कर म्हणत होते.

बी ५०४ काका: असू द्या निळे. २०१७ ते २०२२ दुरुस्ती चालली होती तेव्हा जुन्या रंगाचे थर तपासले, तर काटे मुळात निळे निघाले. आता परत निळे केलेत.

डी ७०३: आता हा मला दिवसभर ऐकवणार.

बी ७०१: पुढच्या शनिवारी आपला शनिवारवाडा घ्यायचा का? सारखं पॅरिस-लंडनच चाललंय.

ए २०३ आजी: घेऊ. दिल्ली दरवाजाचे खिळे रंगवायला मजा येईल.

बी ५०४ काका: दरवाजा, बुरूज, खालची दगडी आणि वरची विटांची भिंत, हे समोर जाऊन बघता येईल. आतले लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले. त्यामुळे बाहेरून दिसतं तेवढंच घ्यावं असं माझं मत.

सी ३०२: काका, रेषाचित्र तुम्हीच काढून द्या ना. तुमची ड्रॉइंग बघितलीयत आम्ही, पार्किंगच्या प्लॅनवरची.

बी ५०४ काका: बघतो. मोजमाप घ्यायला सकाळी जावं लागेल.

सी ६०१ सेक्रेटरी: क्लबहाउस शनिवारी ५ ते ७ उघडं राहील, किल्ली वॉचमनकडे. टेबलावर पेपर अंथरूनच बसावे, मागच्या वेळचे तेलखडूचे डाग अजून निघालेले नाहीत. पेन्सिलीची सालं खाली टाकू नयेत, सुक्या कचऱ्यात टाकावीत.

ए ४०१: लाकूड आहे की, ओल्यात चालतं.

सी ६०१ सेक्रेटरी: त्यावर रंग असतो. सुका.

बी ७०१: रंगाचं माहीत नाही, पण आमच्या विंगचा सुका कचरा मंगळवारपासून उचललेला नाही.

सी ६०१ सेक्रेटरी: त्यासाठी वेगळा ग्रुप आहे. कृपया तिथे लिहावे.